धुराड्यांचा हिशेब

हिवाळा सुरू झाला की मुंबईकर सकाळी उठून प्रथम क्षितिजाकडे पाहतो. खाडीपलीकडचे डोंगर दिसले तर दिवस बरा, न दिसले तर दोष कुणाचा याची चर्चा लोकलच्या डब्यापासून विधानभवनापर्यंत सुरू होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शहराची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाला आपण होऊन तिची दखल घ्यावी लागली. महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, रस्ते धुतले गेले आणि पाण्याचे तुषार उडविणाऱ्या गाड्या चौकाचौकांतून फिरल्या. जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असाही आदेश न्यायालयाने दिला. बांधकामाची धूळ, मोटारींचा धूर आणि पाववाल्याची भट्टी या सर्वांची झडती झाली, ती योग्यच झाली. परंतु या साऱ्या गदारोळात कारखान्यांच्या धुराड्यांविषयीची चर्चा मात्र दोन ठरीव सुरांच्या पलीकडे गेली नाही. धूर हे प्रगतीचे मोल आहे, ते निमूटपणे दिले पाहिजे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, की कारखाने शहराबाहेर घालवा, म्हणजे हवा आपोआप शुद्ध होईल.

हे दोन्ही पक्ष एक साधा प्रश्न विचारावयाचे विसरतात. कारखान्यांचा धूर वाढतो तो कशाने, आणि कमी होतो तो कशाने? एके काळी या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या मतावर अवलंबून असे. गेल्या वीस वर्षांत मात्र अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा बऱ्याच काटेकोरपणे शोध घेतला आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचे काम आपल्या शेजारच्या गुजरातेत झाले आहे. त्या शोधातून जे हाती आले ते आमच्या राज्यकर्त्यांनी, कारखानदारांनी आणि सर्वांत आधी नागरिकांनी नीट समजून घेतले पाहिजे; कारण रोगाचे निदान चुकले की औषध कितीही महागडे असो, गुण येत नाही.

हिशेब मुळात अवघड नाही. एखाद्या प्रदेशातील कारखान्यांचा धूर तीन गोष्टींवर ठरतो. पहिली गोष्ट उत्पादनाचे प्रमाण. दुप्पट कापड रंगविले की दुप्पट वाफ लागेल आणि इतर सर्व तसेच राहिले तर दुप्पट कोळसा जळेल. दुसरी गोष्ट उत्पादनाचे स्वरूप. पोलाद, सिमेंट, खते आणि रसायने यांच्या जागी औषधांच्या गोळ्यांची वेष्टने किंवा घड्याळे तयार होऊ लागली, तर तेवढ्याच रुपयांच्या मालामागे धूर कमी निघेल. तिसरी गोष्ट उत्पादनाची रीत. तेच कापड आणि तितकेच कापड, पण बॉयलरमध्ये कोळशाऐवजी वायू जळत असेल, अथवा धुराड्यापूर्वी धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांची गाळणी बसविलेली असेल, तर आकाशात जाणारी राख फारच थोडी उरते. हवा सुधारली किंवा बिघडली, तर या तीन खात्यांपैकी कोणत्या खात्यात फरक पडला, हे आधी पाहिले पाहिजे.

पहिल्या खात्याचा प्रत्यय आपण सर्वांनी घेतला आहे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. गिरण्या, भट्ट्या, वाहने सारे थांबले आणि काही दिवसांतच आकाश असे निवळले, की लोक गच्चीवर जाऊन तारे मोजू लागले. परंतु त्याच दिवसांत हजारो मजूर डोक्यावर गाठोडी घेऊन नाशिकच्या आणि वापीच्या दिशेने पायी निघाले होते, हे विसरून चालणार नाही. काम बंद झाल्याने हवा सुधारते हे खरे. पण ही सुधारणा उपासमारीच्या मोलाने येते आणि कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजू लागला की ओसरते. ज्या देशात अद्याप कोट्यवधी तरुणांना काम मिळावयाचे आहे, त्या देशाला उत्पादन घटवून हवा शुद्ध करण्याचा विचार परवडणारा नाही. या खात्याकडून आपण आशा धरू नये.

दुसरे खाते मुंबईच्या विशेष परिचयाचे आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या कापडगिरणीची स्थापना केली तेव्हापासून शंभरावर वर्षे या शहराची ओळख धुराड्यांनी होत होती. धूर हा उपद्रव आहे हे सरकारलाही ठाऊक नव्हते असे नाही. मुंबई धूर-उपद्रव कायदा १९१२ सालचा आहे. परंतु गिरणगावातील धुराडी त्या कायद्याने थंड केली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. कापड विणणे परवडेनासे झाले आणि जमीन विकणे परवडू लागले, तेव्हा धुराडी विझली. आज लालबाग-परळच्या उंच मनोऱ्यांतून राहणाऱ्यांना गिरणीची काजळी माहीत नाही. याचे श्रेय पर्यावरणाच्या जाणिवेला देणे म्हणजे जप्ती आलेल्या घराला निःसंग म्हणण्यासारखे होईल.

शिवाय तो धूर नाहीसा झाला का? कापड विणावयाचे थांबले नाही. ते भिवंडीच्या आणि इचलकरंजीच्या मागांवर गेले, सुरतेच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांत गेले. रसायनांचे कारखाने डोंबिवली, तारापूर, रोहा, महाड आणि लोटे येथील औद्योगिक वसाहतींत वाढले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांची हवा, पाणी व जमीन तपासून गुण दिले, तेव्हा त्यातील ४३ समूह अतिगंभीर ठरले. पहिल्या दोन क्रमांकांवर अंकलेश्वर आणि वापी होती, चौथ्यावर आमचे चंद्रपूर होते आणि डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई व तारापूर यांचाही त्या यादीत समावेश होता. २०१८ च्या पाहणीत तर तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिले आले. परीक्षेत पहिला क्रमांक आल्याचे दुःख व्हावे, अशी ही एकच परीक्षा असेल. मुंबईच्या दृष्टीने जी स्वच्छता झाली, ती पालघरच्या दृष्टीने काय झाली, याचा विचार मुंबईकराने केला पाहिजे.

कधी कधी धूर हलविण्याऐवजी माणसेच धुराकडे हलविली जातात. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्यांतून उठविलेल्या कुटुंबांना महापालिकेने माहुल येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, घरे दिली. तेथील हवेत राहण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, त्यांना अन्यत्र घर द्या किंवा दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असे उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावे लागले. स्थलांतर हा उपाय कागदावर सुटसुटीत दिसतो; पण त्याने एकाच्या अंगणातील कचरा दुसऱ्याच्या अंगणात जातो, आणि ते दुसरे अंगण बहुधा गरिबाचे असते.

आता तिसरे खाते. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. पेनसिल्व्हेनियातील डोनोरा या लहानशा कारखानदारी गावावर १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये जस्त व पोलादाच्या कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडून राहिला आणि वीस माणसे मृत्युमुखी पडली. तेथून जागृत झालेल्या लोकमताचा परिपाक म्हणजे १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि त्यात १९९० मध्ये झालेल्या कडक दुरुस्त्या होत. १९९० ते २००८ या काळात अमेरिकेतील कारखान्यांचा हवेतील धूर सुमारे ६० टक्क्यांनी घटला, आणि आश्चर्य असे, की त्याच काळात तेथील उत्पादन चांगलेच वाढलेले होते. हे कसे घडले? सर्वसाधारण समजूत अशी, की अमेरिकेने आपले घाणेरडे धंदे चीन, मेक्सिको आणि हिंदुस्थानकडे ढकलले व आपण स्वच्छ राहिली. ही समजूत आपल्या मनालाही सुखावणारी आहे. तिच्यात आपण निष्पाप ठरतो.

पण हिशेब मांडल्यावर ती फारशी टिकली नाही. एरिक लेव्हिन्सन यांनी २००९ मध्ये आणि जोसेफ शॅपिरो व रीड वॉकर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत कारखानदारीची बारीक वर्गवारी करून तिन्ही खाती वेगवेगळी मोजली. निष्कर्ष असा निघाला, की सुधारणेचा फार मोठा भाग तिसऱ्या खात्यातला, म्हणजे तोच माल अधिक स्वच्छ रीतीने करण्यातून आलेला होता. मालाचे स्वरूप बदलण्याचा किंवा परदेशातून आयात करण्याचा वाटा त्या मानाने अल्प होता. शॅपिरो आणि वॉकर यांनी पुढचाही प्रश्न विचारला. रीत सुधारली ती कशामुळे? यंत्रे कालमानाने अधिक कार्यक्षम होत गेली म्हणून, व्यापार बदलला म्हणून, की कायद्याचा दाब वाढला म्हणून? त्यांच्या अंदाजाप्रमाणे, धूर सोडल्याबद्दल कायद्यामुळे कारखानदारावर अप्रत्यक्षपणे जो भार पडतो, तो या अठरा वर्षांत दुप्पट झाला होता आणि घटीचे बहुतांश श्रेय या वाढलेल्या भाराला होते.

कारण उघड आहे. नवे यंत्र कोळसा वाचवीत असेल, तर मालक ते स्वतःच्या फायद्यासाठी घेईल. पण राख गाळणारी गाळणी किंवा गंधकाचा वायू चुन्याच्या पाण्याने धुऊन काढणारा स्क्रबर मालकाच्या खिशात काहीच टाकीत नाही. त्याला वीज लागते, पिशव्या फाटल्या की बदलाव्या लागतात, साचलेली राख कुठे तरी नेऊन टाकावी लागते. त्याचा लाभ होतो तो कुंपणापलीकडच्या वस्तीतील दमेकऱ्याला, आणि त्याच्याकडून मालकाला बिल वसूल करता येत नाही. अशा स्थितीत मध्यरात्री गाळणी बंद ठेवून वीज वाचविण्याचा मोह होणे ही काही केवळ दुष्टपणाची गोष्ट नव्हे. तो सरळ नफातोट्याचा विचार आहे. जोवर बाहेर सोडलेल्या प्रत्येक किलो राखेला काही किंमत मोजावी लागत नाही, तोवर राख बाहेर सोडली जाईल.

येथे इंधनाचा विचार केलाच पाहिजे, कारण इंधन बदलले की धूर कायद्यावाचूनही बदलतो. बॉम्बे हायचा वायू ट्रॉम्बेच्या खत कारखान्याला आणि वीजकेंद्राला मिळू लागला, हा त्या भागातील हवेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होता. परंतु इंधनाचे बोट धरून चालणारी सुधारणा बाजारभावाबरोबर मागेही फिरू शकते. तिला रोखून धरावयास कायद्याची भिंत लागते. गुजरातेतील मोरबीचे उदाहरण पाहा. फरशा आणि टाइल्स यांच्या त्या राजधानीत कोळशापासून वायू करणाऱ्या भट्ट्या राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये बंद करविल्या आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. २०२२ च्या सुमारास जगात वायूचे भाव भडकले, तेव्हा मोरबीतील अनेक कारखानदारांनी प्रोपेनचा आश्रय घेतला. कोळशाच्या भट्टीकडे परतण्याची वाट बंद होती, म्हणून महागाईतही त्यांना दुसरे स्वच्छ इंधनच शोधावे लागले. ताजमहालाच्या परिसरातील २९२ उद्योगांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये ‘वायू घ्या नाही तर जागा सोडा’ असे सांगितले होते, त्यातही हेच तत्त्व होते.

मग प्रश्न असा, की कायदा तर आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून, म्हणजे पुष्कळ राज्यांच्या आधीपासून आहे. हवा कायदा १९८१ चा आहे. भोपाळच्या हाहाकारानंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. अमेरिकेत जे कायद्याने साधले ते येथे का साधू नये? या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर गुजरातेतील एका प्रयोगाने दिले.

गुजरातेत मोठ्या प्रदूषणकारी कारखान्यांनी दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून आपल्या धुराची व सांडपाण्याची तपासणी करून घ्यावी असा नियम होता. तपासनीस निवडावयाचा कारखानदाराने आणि त्याची फीही द्यावयाची कारखानदारानेच. परीक्षार्थ्यानेच परीक्षक नेमावा आणि निकालानंतर त्याचे मानधन चुकते करावे, अशातला हा प्रकार झाला. एस्तेर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत येथील ४७३ कारखान्यांत ही रीत पालटून पाहिली. निम्म्या कारखान्यांपुरते तपासनीस चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांची फी सामाईक निधीतून दिली आणि त्यांनी घेतलेल्या मोजमापांची अधूनमधून फेरतपासणी केली. जुन्या पद्धतीत तपासनिसांच्या अहवालाप्रमाणे फक्त ७ टक्के कारखाने हवेतील कणांची मर्यादा ओलांडीत होते. प्रत्यक्षात ओलांडणाऱ्यांचे प्रमाण ५९ टक्के निघाले. कित्येक अहवालांतील आकडे तर मर्यादेच्या किंचित खाली येऊन शहाण्यासारखे थांबलेले होते. नव्या पद्धतीत अहवाल खरे येऊ लागले, आणि खरे अहवाल येताच कारखान्यांनी आपले प्रदूषणही कमी केले. नियम तोच, मर्यादा तीच, कारखाने तेच. बदलले एवढेच, की खरे बोलणाऱ्याची उपासमार होईनाशी झाली.

यावर कोणी म्हणेल, निरीक्षक वाढवा. तेही करून पाहण्यात आले. त्याच राज्यात काही कारखान्यांवरील निरीक्षणाच्या फेऱ्या दुपटीने वाढविण्यात आल्या, पण सरासरी धूर जवळजवळ होता तसाच राहिला. वाढीव फेऱ्या सरसकट झाल्या, खऱ्या बेफाम कारखान्यांवर त्या पडल्याच नाहीत, आणि किरकोळ उल्लंघनाला नोटिशीपलीकडे शिक्षाही नव्हती. पहारेकरी दुप्पट केले, तरी चोर कोण हे ठाऊक नसेल आणि पकडल्यावर करावयाचे काही नसेल, तर गस्तीच्या चपला तेवढ्या झिजतात.

यापुढचा प्रयोग सुरतेत २०१९ मध्ये सुरू झाला. कोळसा आणि लिग्नाइट जाळून वाफ करणाऱ्या, मुख्यतः कापडावर प्रक्रिया करणाऱ्या सुमारे तीनशे कारखान्यांच्या धुराड्यांत सतत मोजमाप करणारी उपकरणे बसविण्यात आली. त्यातील निम्म्या कारखान्यांसाठी मिळून बाहेर सोडावयाच्या कणांची एक कमाल मर्यादा ठरविली गेली आणि तेवढेच परवाने काढण्यात आले. ज्याला राख कमी करणे स्वस्तात जमते त्याने ती करावी व उरलेले परवाने विकावेत. ज्याला जमत नाही त्याने ते विकत घ्यावेत. परवान्यापेक्षा अधिक सोडील त्याची आगाऊ ठेवलेली अनामत कापली जावी, अशी ही व्यवस्था. परिणाम असा झाला, की बाजारात सहभागी कारखान्यांचे कणप्रदूषण इतरांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले आणि परवान्याचे बंधन जवळजवळ सर्वांनी पाळले. तितकीच स्वच्छता जुन्या पद्धतीने साधावयास जो खर्च आला असता, त्याहून सुमारे ११ टक्के कमी खर्च आला. एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. मोजमापाची उपकरणे दोन्ही गटांत होती. तेव्हा केवळ यंत्र बसविल्याने धूर कमी होत नाही. यंत्राने दाखविलेल्या आकड्याला पैशाचा अर्थ आला की तो कमी होतो.

या प्रकाशात आपल्या देशातील अलीकडील घडामोडी पाहिल्या, तर मन काहीसे साशंक होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातील अनेक अपराधांसाठीची कैद काढून त्या जागी १० हजारांपासून १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. कैदेची तरतूद होती तेव्हाही वर्षानुवर्षे खटले रेंगाळत आणि क्वचितच कुणी तुरुंगात जाई, म्हणून या बदलावर आम्ही सरसकट टीका करणार नाही. त्वरेने होणारा दंड हा दूरच्या कैदेपेक्षा परिणामकारक असू शकतो. परंतु मोठ्या कारखान्याची गाळणी चालविण्याचा वर्षाचा खर्च १५ लाखांहून अधिक असेल, तर दंड ही शिक्षा उरत नाही, ते धूर सोडण्याचे भाडे होते. सुदैवाने सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये असा निर्वाळा दिला, की झालेल्या वा संभाव्य हानीबद्दल भरपाई वसूल करण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळांना आहे. मात्र त्यासाठी आधी रीतसर नियम केले पाहिजेत. मंडळांच्या हाती खरे शस्त्र आले आहे. ते म्यानात गंजू द्यावयाचे की नाही, हे आता राज्य सरकारांनी ठरवावयाचे आहे.

औष्णिक वीजकेंद्रांची कहाणी अधिक बोलकी आहे. ती कारखानदारीच्या व्याख्येत बसत नसली तरी तिचा धडा कारखानदारांनी चांगलाच गिरविला असेल. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने या केंद्रांतून निघणाऱ्या गंधकवायूवर मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुनःपुन्हा वाढत गेली आणि अखेर जुलै २०२५ मध्ये सुमारे चार पंचमांश केंद्रांना गंधकवायू धुऊन काढणारी यंत्रणा बसविण्यातून सूटच देण्यात आली. हिंदुस्थानी कोळशात गंधक कमी असते आणि बहुतेक शहरांच्या हवेत त्या वायूचे प्रमाण मर्यादेत आहे, असा सरकारचा युक्तिवाद आहे. तो अगदीच निराधार नाही. पण हा वायू हवेत गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातात, हेही तितकेच खरे आहे. तज्ज्ञांचा हा वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक नैतिक प्रश्न उरतोच. ज्यांनी सरकारचा शब्द प्रमाण मानून वेळेवर पैसा खर्च केला ते मूर्ख ठरले आणि ज्यांनी मुदतवाढीची वाट पाहिली ते चतुर ठरले. असा अनुभव दोनदा आला, की तिसऱ्या नियमावर विश्वास ठेवावयास कोण धजेल?

कायदा कडक केला तर कारखाने परराज्यांत जातील आणि लहान कारखानदार देशोधडीला लागतील, हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. पावाची भट्टी चालविणारा आणि अजस्र बॉयलर चालविणारा यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होईल. लहानांसाठी औद्योगिक वसाहतींतून सामाईक बॉयलर उभारावेत, वायूची नळी वेळेवर पोचवावी, गाळणीसाठी स्वस्त कर्ज द्यावे, हे सरकारचे कर्तव्य आहे. पाववाल्याला मुदत द्यावयाची आणि नळीची वाट पाहावयास लावायचे, हा न्याय नव्हे. पण कडकपणा आणि उद्योगाचा नाश यांची सांगड अटळ नाही, हे सुरतेने दाखविले आहे. आणि सुरत हे काही उद्योगधंद्यांची आबाळ करणारे शहर म्हणून कुणी ओळखत नाही.

महाराष्ट्राने काय करावे, याविषयी आम्हाला चार गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, धूर मोजणारा माणूस कारखानदाराच्या पगारावर नसावा. तपासणीची फी मंडळाकडे जमा व्हावी, तपासनीस चिठ्ठ्यांनी नेमले जावेत आणि त्यांच्या आकड्यांची फेरतपासणी व्हावी. दुसरी, अतिप्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजमाप करणारी उपकरणे बसविण्याचा आदेश केंद्रीय मंडळाने २०१४ मध्येच दिलेला आहे. त्या उपकरणांचे आकडे शेजारच्या वस्तीला समजतील अशा भाषेत, कारखान्याच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर, रोज लागले पाहिजेत. कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन त्यांची स्वच्छता जाहीर करण्याची योजना महाराष्ट्राच्या मंडळाने जून २०१७ मध्ये सुरू केली होती. कल्पना उत्तम होती. तिचा विस्तार झाला पाहिजे. तिसरी, दंड हा सोडलेल्या धुराच्या वजनावर ठरावा, म्हणजे तो गाळणी चालविण्यापेक्षा नेहमीच महाग पडेल. सुरतेची परवानापद्धती तारापूर किंवा चंद्रपूर येथे आणावयास आम्हाला कोणतीच अडचण दिसत नाही. चौथी, एकदा दिलेली मुदत पाळली जावी. मुदतवाढ हीच ज्या राज्यात परंपरा होते, तेथे नियम हा नियम राहत नाही.

यांतील एकही गोष्ट खर्चाच्या दृष्टीने अशक्य नाही. अडचण आहे ती इच्छेची, आणि इच्छा लोकमताच्या दाबावाचून उत्पन्न होत नाही. अमेरिकेत कायद्याचा भार दुप्पट झाला तो कारखानदारांच्या उदारपणामुळे नव्हे. तेथील सुशिक्षित मध्यमवर्गाने तो मागून घेतला म्हणून. आमचा मध्यमवर्ग मात्र हवेच्या प्रश्नावर खिडक्या लावून घेतो आणि घरात हवा गाळणारे यंत्र आणतो. ज्याला ते यंत्र परवडते तो स्वतःपुरता सुटतो, आणि ज्याच्या आवाजाला वजन आहे असा एक माणूस त्या लढ्यातून गळतो. २०१४ च्या आरंभी डोंबिवलीत पाऊस हिरवा पडला, तेव्हा आपण चार दिवस अचंबा केला आणि पाचव्या दिवशी विसरलो.

मुंबईच्या वाचकाला शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. आपण नेसतो ते कापड, आपल्या घराचा रंग, आपल्या औषधाची गोळी कुठे तरी तयार होते, आणि तिचा धूर कुणाच्या तरी छातीत जातो. तो धूर बोईसरच्या शाळेतील मुलाच्या वाट्याला आला म्हणून त्याचा आपल्याशी संबंध तुटत नाही. गिरण्यांची धुराडी पाडून आपण हवा जिंकली, असे समजण्याचे कारण नाही. जे कारखाने चालू आहेत आणि चालूच राहिले पाहिजेत, त्यांच्या धुराड्यातून निघणाऱ्या प्रत्येक किलो राखेचा खरा हिशेब ठेवला जाईल आणि तो चुकता केला जाईल, त्या दिवशी ते म्हणता येईल. हा हिशेब मागण्याचा हक्क नागरिकाचा आहे, आणि तो मागितल्यावाचून मिळत नाही.